झेलाबाईची सासू

बाई एका जागी बसत नसत. वर्गात तर नाहीच, पण इतर कुठंही नाही. रोज भुसावळहून पॅसेंजरनं जळगावला यायच्या आणि डब्यात जागा असली तरी दाराशी उभ्या राहायच्या. स्टाफरूममधली त्यांची खुर्ची इतर ट्यूटर पिशव्या ठेवायला वापरत. जेवणाचा डबा डाव्या हातात उघडा धरून, व्हरांड्यात फेऱ्या मारत त्या जेवायच्या. भाजीचा थेंब कधी सांडलेला मी पाहिला नाही.

मी नर्सिंग स्कूलमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा धुळ्याकडून माझे वडील, आबा, ट्रंक खांद्यावर घेऊन सोबत आले होते. बाई समोरून गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. आबांना वाटलं, यांचं काहीतरी हरवलंय. ट्रंक खाली ठेवून त्यांनी विचारलं, "काय हरवलं, ताई?"

बाई थांबल्या. जरा विचार करून म्हणाल्या, "अजून कळलं नाही." आणि गेल्या.

आबा परत जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की या बाईपासून जरा लांबच राहा. मी तसंच ठरवलं होतं.

त्यांच्याकडे दोन घड्याळं होती. एक मनगटावर, एक नर्सेसच्या पद्धतीनं छातीवर पिनेनं लावलेलं. दोन्ही वेगवेगळी वेळ दाखवायची आणि त्या दोन्ही तशीच चालू देत. वेळ विचारली की दोन्ही वेळा सांगायच्या आणि आपला आपण निर्णय घ्यायचा. तशीच त्यांची विचारपूस. "जेवलीस का?" असं विचारलं की आपण "हो" म्हणायचो. मग दोन पावलं पुढं जाऊन त्या वळायच्या आणि विचारायच्या, "काय जेवलीस?" तिथं आपण सापडायचो, कारण हॉस्टेलचं वरण पाहून आपण उठून आलेलो असायचो. पहिलं उत्तर माणूस रीतीचं देतं, असं त्या म्हणत. भाजीवालीलाही त्या दोनदा भाव विचारत आणि ती चिडून दुसऱ्यांदा जास्त सांगे.

लग्न झालं होतं की नाही, झालं असलं तर त्याचं काय झालं, हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना दुसरा प्रश्न विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

नव्वदीच्या मधल्या वर्षांची गोष्ट आहे. आमच्या ट्रस्टच्या अध्यक्षांनी आपल्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर शाळेला देणगी म्हणून दिला. त्याच्यासाठी एक खोली रिकामी केली, पडदे लावले, फुलाफुलांचं कव्हर शिवलं. चपला बाहेर काढून आत जायचं आणि कव्हरकडे बघून बाहेर यायचं, एवढाच त्याचा उपयोग. त्याला हात लावायला आमच्या प्राचार्या मॅडमसुद्धा भीत.

बाईंनी मात्र कुठून तरी शिकायचं मनावर घेतलं. भुसावळला एका कॉम्प्युटर क्लासात दहावी-बारावीच्या पोरांमागे उभं राहून त्या वर्षभर शिकल्या. आणि एके दिवशी आम्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलींना त्या खोलीत नेऊन त्यांनी कव्हर काढलं. म्हणाल्या, "आत पेशंट आहे. बोला तिच्याशी."

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली. अक्षरं इंग्रजी, पण भाषा अहिराणी, आमच्या धुळ्याकडची. पेशंटचं नाव झेलाबाई, वय पंचवीस, पोटात दुखतं आणि उलट्या होतात. खाली एक चौकोन लुकलुकत होता. आपण प्रश्न टाइप करायचा, मग झेलाबाई उत्तर देणार.

माझी रूममेट सिंधू बोदवडची. वर्गात हुशार, पुस्तक तोंडपाठ. तिनं एका बोटानं एकेक अक्षर शोधत टाइप केलं, "वेदनेचे स्वरूप काय आहे?"

पडद्यावर उत्तर आलं, "माले समजनं नही."

सिंधूनं तोच प्रश्न आणखी शुद्ध करून विचारला. पुन्हा, "माले समजनं नही." झेलाबाईला ठरावीक शब्दच कळत होते आणि ते सगळे गावातले होते. सिंधूच्या पूर्वेकडच्या बोलीत 'आहे'ला 'शे' म्हणत नाहीत. हॉस्टेलात मी चुकून 'शे' म्हटलं की ती आणि बाकीच्या पोटभर हसायच्या, म्हणून मी जळगावात आल्यापासून तोंड सांभाळून बोलत होते. त्या दिवशी मी तिला सरकवून बसले आणि घरी आईला विचारावं तसं विचारलं, "कसं दुखस?" झेलाबाई बोलायला लागली. त्यानंतर त्या खोलीत माझी किंमत वाढली. मुली संध्याकाळी माझ्याकडे अहिराणी शिकायला येत. मी त्यांना भाव खाऊन शिकवत असे.

पण झेलाबाई बोलायला लागली म्हणजे काय, तर म्हणायची, "बठ्ठं बरं शे." सगळं ठीक आहे. पोटात दुखतंय, उलट्या होतायत, तरी बठ्ठं बरं शे. आणि तिला काही खोलात विचारलं की तिच्याऐवजी सासूच उत्तर द्यायची. पडद्यावर चक्क लिहून यायचं, सासू म्हणते, तिले काय इचारतस, माले इचारा. सासू म्हणते, रातनी भाकर खादी व्हई. आपण काहीही विचारा, सासू मधे. आम्ही सलाइन लावायचो, उलटीचं इंजेक्शन द्यायचो. थोड्या वेळानं पडद्यावर एकच ओळ यायची, "झेलाबाई गई."

मग दुसऱ्या दिवसापर्यंत बाई कॉम्प्युटर सुरू करू देत नसत. मेलेलं माणूस बटण दाबून उठत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय जिच्या हातून झेलाबाई जाई, तिनं व्हरांड्यात जाऊन नातेवाइकांना सांगायचं. नातेवाईक म्हणजे बाईच. डोक्यावर पदर घेऊन त्या भिंतीशी उभ्या असत आणि आपल्याकडे बघत. आपण काय सांगायचं, कसं सांगायचं, काही शिकवलेलं नव्हतं. सिंधू पहिल्यांदा गेली ती तोंडातून शब्द न काढता रडत परत आली. तिला त्यांनी पुन्हा पाठवलं.

वीज जायची ती तर ठरलेलीच. पडदा काळा झाला की आम्ही सुटलो म्हणून उठायला लागायचो. पण बाई दारात आडव्या. "वीज गेली म्हणून पेशंट जात नाही," म्हणायच्या आणि स्वतः झेलाबाई व्हायच्या. पोट धरून टेबलाला टेकायच्या, लगेच दोन पावलं मधे येऊन सासू व्हायच्या, आवाज बदलायच्या, पुन्हा मागे जाऊन झेलाबाई. पदर एकदा डोक्यावर, एकदा कमरेला. बघताना हसू यायचं आणि थोड्या वेळानं अंगावर काटा यायचा, कारण त्यांची सासू फार खरी होती.

युक्ती शेवटी सापडली ती योगायोगानं. एका मुलीनं वैतागून टाइप केलं, सासूला बाहेर पाठव. आणि पडद्यावर आलं, "सासू चहा लेवाले गई." सगळा वर्ग उभा राहिला. त्यानंतर झेलाबाईला दोनदा विचारल्यावर तिनं सांगितलं की कपाशीवर फवारायचं औषध प्यायलेय. मग डॉक्टरांना बोलावणं, पोट धुणं, विषावरचं ॲट्रोपिन. सगळं नीट झालं की ओळ यायची, "झेलाबाई वाचली." आणि प्रोग्राम संपायचा.

मधल्या काळात मॅडमच्या कानावर मुली रडतात हे गेलंच होतं. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं की पेशंट मरता कामा नये, पालकांची पत्रं येतील. बाई बरं म्हणाल्या आणि ती ओळ काढून टाकली. मग झेलाबाई मरेना. चुकीचं इंजेक्शन द्या, दहा सलाइन लावा, एरंडेल पाजा, ती आपली, "बठ्ठं बरं शे." मुलींना खेळ झाला. सिंधूसारखी मुलगीसुद्धा तिला काहीबाही देऊन हसायला लागली. मॅडम एकदा दारात उभ्या राहून हे बघत होत्या. संध्याकाळी बाईंना निरोप गेला की ती ओळ परत घाला.

तिसऱ्या वर्षाला माझी ड्यूटी मोठ्या दवाखान्यात फीमेल वॉर्डला होती. जुलाब-उलट्यांची साथ होती. खाटा पुरत नव्हत्या, जमिनीवर गाद्या टाकल्या होत्या. दुपारी पाचोऱ्याकडच्या एका गावातून एक तरुण बाई आली, बरोबर सासू. नाव मंगल. उलट्या आणि जुलाब, म्हणून तीही साथीच्याच रांगेत आली. साडी बदललेली, तोंड धुतलेलं. सासू सांगत होती, रातनी भाकर खादी. अगदी हेच शब्द.

मला त्या शब्दांनीच धरलं. मंगलच्या तोंडातून लाळ थांबत नव्हती, अंग घामानं भिजलं होतं. मी पापणी उचलून पाहिली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. मी सासूला म्हटलं, केसपेपरवर शिक्का राहिलाय, खिडकीवरून मारून आणा. ती जायला तयार नव्हती. मी जरा आवाज चढवला तेव्हा गेली. मग खाली बसून मंगलला विचारलं. ती म्हणाली, बठ्ठं बरं शे. मी पुन्हा विचारलं, जवळ जाऊन, हात धरून.

ती म्हणाली, "कपाशीनं औषध पिधं. कोनले सांगू नको."

मी धावत जाऊन सिस्टरना सांगितलं. पुढं जे व्हायचं ते भराभर झालं. डॉक्टर आले, नळी घातली, ॲट्रोपिन सुरू झालं. त्या औषधानं ती बडबडायला लागली, हातवारे करायला लागली, म्हणून बँडेजनं तिचे हात खाटेला बांधावे लागले. ते मीच बांधले. ती वाचली. शुद्धीवर आल्यावर हवालदार जबाब घ्यायला आला. सासू खाटेच्या डोक्याशी उभी होती. मंगल म्हणाली की खोकल्याचं औषध समजून चुकून प्यायले. हवालदारानं लिहून घेतलं. तो गेल्यावर मी तिच्या तोंडाला पाणी लावायला गेले तर तिनं मान वळवली.

"सांगी दिधं ना तू," एवढंच म्हणाली. घरी जाईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

तरीही मी बाईंकडे गेले ती शाबासकी घ्यायलाच. आमच्या बॅचमध्ये खरी झेलाबाई मलाच भेटली होती. बाई कॉम्प्युटरच्या खोलीत फेऱ्या मारत होत्या. मी सगळं सांगितलं, बाहुल्या, शिक्का, सगळं. त्या ऐकत चालत होत्या.

"मग?" त्यांनी विचारलं.

"वाचली, बाई."

"मग?"

"काल सुट्टी दिली. घरी गेली."

"कोणाबरोबर?"

"सासूबरोबर," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की मी काय सांगतेय.

बाई कॉम्प्युटरसमोरच्या स्टुलावर बसल्या. मी त्यांना बसलेलं तोवर पाहिलं नव्हतं. बसल्यावर त्या लहानखुऱ्या दिसल्या. फुलाफुलांच्या कव्हरकडे बघत म्हणाल्या, "माझा प्रोग्राम इथंच संपतो." मला रडू येत होतं, पण त्या समजूत घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. उठल्या, मंगलचं गाव विचारलं आणि रविवारी सकाळी स्टेशनवर ये म्हणाल्या.

पाचोऱ्याला उतरून एसटीनं गेलो. उन्हाळा सुरू होत होता, वेचणी होऊन गेलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या शेतात उभ्या होत्या. गावात बाईंनी आम्ही दवाखान्यातून तब्येत बघायला आलोय असं सांगितलं आणि लोकांनी घर दाखवलं. मंगल ओट्यावर धान्य निवडत होती. मला बघून आत गेली. म्हाताऱ्या सासूनं आम्हाला बसायला गोणपाट टाकलं. तिच्या तोंडावर भीती स्पष्ट दिसत होती. तिचा मुलगा घरात नव्हता, आणि तो येण्याआधी आम्ही जावं असं तिला वाटत होतं. ती सारखी दाराकडे बघत होती.

मला वाटलं, आता बाई म्हातारीला काहीतरी काम सांगून बाहेर घालवतील आणि मंगलशी बोलतील. मी तयारच होते. पण मंगल चहा घेऊन आली तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "तू जरा शेजारी जाऊन बस, बेटा. मला अक्कांशी बोलायचंय."

म्हातारी चपापली. बाईंनी तिला तब्येत विचारली. ती म्हणाली, बरी शे. बाईंनी चहा संपवला आणि पुन्हा विचारलं, "अक्का, त्या दिवशी काय झालं?"

ती आधी तेच भाकरीचं बोलली. मग थांबली. मग एकदम बोलत सुटली, मधेच आवाज खाली करत, दाराकडे बघत. मुलगा पितो, मारतो. त्या दिवशी बैल कोणी सोडला यावरून मारलं. नंतर ही गोठ्यात पडलेली म्हातारीला सापडली, हातात डबा. मिठाचं पाणी पाजून तिनंच ओकायला लावलं, अंगावरची साडी बदलली, शेजारच्या टेम्पोवाल्याच्या पाया पडून तिला टेम्पोत घातलं. मुलगा घरात झोपला होता.

"दवाखानामा कोनी आनं तिले? मीच आनं," ती म्हणाली. "खरं सांगू तर पोलीस मना पोऱ्याले लयी जातीन. नही सांगू तर ही मरी जाई. मी काय करू, सांगा."

मी तिला शिक्का मारायला पिटाळलं तेव्हा ती का जात नव्हती, ते आता वेगळंच दिसायला लागलं. बाई तिचा हात हातात घेऊन बसून राहिल्या, एसटीची वेळ होईपर्यंत.

परतीच्या गाडीत त्या दाराशी उभ्या राहिल्या नाहीत, डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिल्या. लोक पाय आवरून घेत होते. मधेच माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "सासूला मी नुसतं मधे बोलायला ठेवलं. तिला विचारायची सोयच ठेवली नाही." पुन्हा चालायला लागल्या. भुसावळला जायच्या त्या जळगावला माझ्याबरोबरच उतरल्या आणि रविवार असून शाळा उघडायला लावली.

त्यानंतर झेलाबाईचा प्रोग्राम कधी पुरा झाला नाही. आज एक बदल, उद्या दुसरा. सासूला प्रश्न विचारता यायला लागले. झेलाबाई वाचल्यावर घरी जायची, मग आठवड्यानं पुन्हा यायची, कधी यायचीच नाही आणि आपण काय करणार असं पडद्यावर विचारलेलं असायचं. तासाची घंटा व्हायची आणि पेशंट तसाच राहायचा. मुली कुरकुरायला लागल्या. परीक्षेत हे येत नव्हतं. मॅडमनी विचारलं की हे सिलॅबसमध्ये कुठं बसतं. बाई म्हणाल्या, बसत नाही.

आणि एक दिवस त्या म्हातारीलाच घेऊन आल्या. मंगलच्या सासूला, पॅसेंजरनं. मुलगा कामाला सुरतेला गेला होता आणि सूनबाईच्या सोबतीला शेजारीण ठेवून म्हातारी आली होती. डेमॉन्स्ट्रेशनच्या खोलीत, जिथं आम्ही रबरी पुतळ्याला अंघोळ घालायला शिकायचो, तिथं बाईंनी तिला खुर्ची दिली आणि आम्हाला सांगितलं की विचारा. मॅडम मागे उभ्या होत्या.

पहिली एक मुलगी गेली. ती सवयीनं म्हणाली, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

म्हातारी लगेच उठली, चपला हातात घेतल्या आणि दाराकडे निघाली. कोणी थांबवावं हे तिच्या मनातही नव्हतं. वर्गात कोणीतरी हसलं, मग कोणीच हसलं नाही. बाई धावत गेल्या आणि तिला हाताला धरून परत आणलं.

मग सिंधू उठली. तिला अहिराणी अजून नीट येत नव्हती. खुर्चीशेजारी जमिनीवर बसून तिनं आपल्या बोदवडच्या बोलीत विचारलं की तुम्हाला स्वतःला काही त्रास होतो का. म्हातारीनं काही नाही म्हटलं. सिंधू तशीच बसून राहिली. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही, फक्त उठली नाही.

"झोप नही येस," म्हातारी म्हणाली. "बठ्ठा घरमा त्या औषधना वास येस. रातले उठी उठीसन तिना श्वास देखस मी. नाकशी बोट धरीसन."

तिनं बोट नाकाशी धरून दाखवलं. मॅडमनी पदरानं चष्मा पुसला आणि बाहेर गेल्या. दुसऱ्या दिवशी म्हातारीला मोठ्या दवाखान्यात दाखवायची चिठ्ठी त्यांनीच आपल्या सहीनं दिली. सिलॅबसचं मात्र पुन्हा काही म्हणाल्या नाहीत.

बाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या. कॉम्प्युटर फीच्या पावत्या करायला ऑफिसात गेला आणि तिथं झेलाबाईला पुसून टाकलं. बाईंना कोणीतरी हे हळहळत सांगितलं तर त्या म्हणाल्या की ती अर्धवटच होती. मी पास झाले, धुळ्याला एका दवाखान्यात लागले. बाईंचं पत्र नाही, काही नाही. त्या पत्र लिहिणाऱ्यांतल्या नव्हत्या.

मग एके दिवशी दुपारी, वैशाख चालू असताना, त्या माझ्या वॉर्डात उभ्या. दोन्ही घड्याळं जागच्या जागी. वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारून, दोन पेशंटना काहीतरी विचारून माझ्यापाशी आल्या.

"आखाजीला माहेरी जायचंय," म्हणाल्या. "तुलाही बोलावलंय."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात. बाईंना माहेर असल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, कोणाच्या माहेरी. त्यांनी मंगलच्या गावाचं नाव सांगितलं. म्हातारीनं निरोप धाडला होता, तुले माहेर नही ना, मग इकडे ये.

आम्ही गेलो. मुलगा सुरतेलाच होता. मधे एकदा आला होता, पण म्हातारीनं त्याला दारातून फिरवलं होतं. "मीच धाडं त्याले," ती मला म्हणाली, आणि एवढं सांगून खापरावरचा पुरणाचा मांडा उलटायला वळली. तिला झोप येते का, हे मी विचारलं नाही. पोटचा मुलगा तो. सणाच्या दिवशी त्याचं जेवण कुठं होत असेल, ते तिच्या मनात असणारच. शेत दोघी सासूसुना बघत होत्या. मंगलच्या दंडावर जुनी एक खूण होती, तेवढीच. अंगणातल्या निंबाला झोका होता, गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत होत्या आणि बाई त्यांच्यामधून फिरत प्रत्येकीला काही ना काही विचारत होत्या.

जेवायला बसलो तेव्हा मंगल वाढत होती. बाईंना वाढलं, हसून बोलली. माझ्यापाशी आली आणि थांबली. दवाखान्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. आज तरी मान वळवणार नाही, अशी माझी आशा होती.

तिनं मान वळवली नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "माले तुना राग शे. आजूनबी शे."

आणि माझ्या ताटात आणखी एक मांडा ठेवला, वर आमरसाची वाटी भरली.

मी बाईंकडे पाहिलं. त्या जेवत होत्या.

"असू दे तिला," त्या म्हणाल्या. "तू जेव."